हलकं काम

मी ब्रेलर बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. रायपूरच्या त्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली, तिथेही कुणी मला नावाने ओळखलं नाही. ‘मैडम की मशीन’ एवढीच माझी ओळख. दिसायला मी टाइपरायटरचा चुलतभाऊ, पण माझ्यात शाई नाही, फीत नाही. सहा कळा, आणि मधोमध मोकळी जागा सोडायची एक सातवी. कळा दाबल्या की जाड कागदावर ठिपके उठतात आणि ज्यांना दिसत नाही ते त्यांवरून बोट फिरवून वाचतात. ओळ संपत आली की माझ्या पोटातली घंटी वाजते. बस, एवढंच माझं शरीर.

माझी मालकीण विनोदिनी. जन्मापासून तिला दिसत नाही. पुण्याहून रायपूरला परत निघताना तिला काय वाटलं होतं आणि इथे काय सापडलं, ते आधी सांगून टाकतो.

तिला वाटलं होतं, राज्य नवं आहे. जुन्या राज्यांत आपल्यासारख्यांची आठवण सगळं बांधून झाल्यावर येते; इथे तर अजून ऑफिसांच्या पाट्याही वाळल्या नाहीत. पहिल्यापासूनच आपल्याला धरून हिशेब मांडला जाईल. तिला वाटलं होतं, गावोगावच्या न दिसणाऱ्या मुलांना शिकवायला माणसं लागतील आणि ‘या, तुमचीच वाट पाहत होतो’ असं कुणीतरी म्हणेल.

सापडलं ते असं. शंकर नगरात भाड्याने घेतलेला एक बंगला, त्यात एक सरकारी ऑफिस. बंगल्यातली पूर्वीची जेवणाची खोली. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर एक फोन. फोनची तार भिंतीपर्यंत जात होती. भिंतीत कुठेही जात नव्हती.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिकडच्या एका शाळेने जुनी यंत्रं दान केली, त्यात मी पेटीत बसून पुण्याच्या मुलींच्या अंधशाळेत आलो. वसतिगृहात सात मुलींत मिळून मी एकच यंत्र होतो. पाळीपाळीने मला वापरायच्या, भांडायच्या. विनोदिनीची पाळी संपली तरी ती उठायची नाही. सात वर्षांची होती तेव्हा वडिलांनी तिला या शाळेत आणून सोडलं होतं, बी.ए. होईपर्यंत ती तिथेच वाढली.

शाळेत रमाताई नावाच्या बाई होत्या. त्यांना दिसत होतं, पण त्या आमच्या मुलींवर दया करत नसत, म्हणून मुली त्यांना घाबरायच्या आणि त्यांच्याकडेच जायच्या. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला त्या माझ्यासमोर बसवायच्या आणि पुढे काय करणार ते लिहायला लावायच्या. कुणी ‘शिक्षिका होणार’ असं लिहिलं की कागद परत.

“हे नुसतं नाव झालं. मला सोमवार लिहून दे. दहा वाजता तुझे हात काय करतायत? अकराला कुणाचं तुझ्यावाचून अडलंय? दुपारी थकशील, तेव्हा काय करशील?”

विनोदिनीने चार पानं सोमवार लिहिला. त्यात एक वर्ग होता, दहा मुलं होती, एका मुलाचं शेंबडं नाकसुद्धा होतं. रमाताईंनी सगळा वाचून घेतला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण ही जागा उद्या मिळणार नाही. तोवर पोट भरणारं काहीतरी हातात ठेव.” म्हणून तिने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला. निघताना शाळेने मला तिच्याबरोबर दिलं. माझी दोन नंबरची कळ अडकायची, म्हणून देणं सोपं गेलं असावं. पण मी ते मनाला लावून घेतलं नाही. रेल्वेच्या डब्यात मी तिच्या मांडीवर होतो आणि आम्ही दोघंही नवं राज्य घडवायला निघालो होतो!

हसू नका. त्या वेळी आम्हाला ते खरंच वाटत होतं.

तिचे वडील पांडुरंगजी रेल्वेत माल-क्लार्क. मूळचे गोंदियाकडचे. क्वार्टरमध्ये आई शारदाबाई आणि धाकटा भाऊ शिशिर. पहिल्याच दिवशी मला कळलं की पुण्याची मराठी मला इथे फार उपयोगी पडणार नाही. शारदाबाई म्हणाल्या, “लेकरू वाळून गेलं ना वो पार. काहून इतकी दुबळी झाली? खात नव्हती का?” आणि शिशिरला सगळी मराठी समजायची, पण उत्तर यायचं हिंदीत. “दीदी, ये लोहे का डब्बा खाती थी क्या वहाँ?” तो लोखंडाचा डबा म्हणजे मी.

पहिलं वर्ष शाळांच्या पायऱ्या चढण्यात गेलं. तीन शाळांत ती भेटायला गेली. मी पिशवीत. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न, “मगर बेटा, बोर्ड पर कैसे लिखोगी?” ती उत्तर द्यायची, फळ्याशिवाय कसं शिकवता येतं ते समजावून सांगायची, आणि समोरचा माणूस इतक्या प्रेमाने ऐकायचा की तो ऐकत नाहीये हे आम्हाला बाहेर आल्यावर कळायचं.

मग जाहिरात आली. अपंगांच्या राखीव जागांची खास भरती. टेलिफोन ऑपरेटर, एक पद, दृष्टिबाधितांसाठी, किमान आठवी पास. विनोदिनीची निवड झाली. पांडुरंगजींनी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटले.

तिथली गंमत अशी की पद मंजूर होऊन येईपर्यंत ऑफिसात नवं यंत्र बसलं होतं. फोन आला की ध्वनिमुद्रित बाई बोलायची, अमुक शाखेसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. ऑपरेटरचं काम उरलंच नव्हतं. पण पद होतं. पद भरलं नाही तर वरून विचारणा होणार. म्हणून विनोदिनी आली, आणि टेबल रिकामं वाटू नये म्हणून तो फोन ठेवला गेला.

बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, अनंतराव. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातले, शुद्ध मराठी बोलण्याचा त्यांना अभिमान. वाईट माणूस मुळीच नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

“तू कसली काळजी करू नकोस बेटी,” ते पहिल्या दिवशी म्हणाले. “दहाला यायचं, हजेरीवर अंगठा लावायचा, पाचला जायचं.”

“मला सही येते काका.”

“येत असेल. पण दर वेळी थोडी वेगळी पडते ना? ऑडिटवाले खोड काढतात. अंगठा बरा.”

बी.ए. झालेल्या मुलीने त्या दिवसापासून रोज अंगठा लावला.

आठवडाभरात तिला बसवेना. बसणं हे काम किती जड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. बाहेरच्या व्हरांड्यात रोज खेड्यापाड्यांतून माणसं येत, आपापल्या कागदाची चौकशी करत फिरत. विनोदिनीने त्यांना हाका मारायला सुरुवात केली. नाव काय, गाव कोणतं, कागद कधी दिला, कुणाकडे दिला? ती विचारायची आणि माझ्यावर टिपून घ्यायची. तीन महिन्यांत तिच्याकडे दोनशे माणसांची नोंद झाली. माणूस आवाजावरून ओळखायची, पानावरून बोट फिरवायची आणि सांगायची, “तुमचा कागद दुसऱ्या टेबलावर आहे, चैतापासून.” बाबू लोकसुद्धा येऊन विचारू लागले, “दीदी, वो महासमुंदवाली फाइल किसके पास है?”

ते माझे सगळ्यात चांगले दिवस. अडकणारी कळसुद्धा अडकायची बंद झाली होती.

मग अभनपूरचे शालिग्राम नावाचे एक म्हातारे गृहस्थ थेट साहेबांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, “मैडम ने बताया है साहब, हमर कागज सात महीना से इहें परे हे. तारीख भी बताया है.”

त्या संध्याकाळी अनंतराव आमच्या टेबलाशी आले. माझ्यावरचा कागद बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, “या मशीनचा आवाज फार होतो बेटी. सगळ्यांना त्रास होतो.”

“कुणाला होतो काका? नाव सांगा, मी त्यांच्याशी बोलते.”

“नाव कशाला. तू विश्रांती घे. तुला त्रास नको म्हणूनच म्हणतो.”

दुसऱ्या दिवशी मी लोखंडी कपाटात गेलो. जुनी रजिस्टरं, वाळलेले शिक्क्यांचे पॅड आणि मी. दार पातळ पत्र्याचं होतं, आतून सगळं ऐकू यायचं. ती दहाला यायची. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पाच वाजता खुर्ची सरकल्याचा आवाज. मधल्या सात तासांत काही नाही. कधी कधी ती बोटांनी टेबलावर टक टक करायची. सहा बोटं, माझ्याच कळांच्या जागी. ती काय लिहितेय ते मला कळायचं. ते इथे सांगत नाही.

डिसेंबरच्या तीन तारखेला जागतिक अपंग दिन. ऑफिसने विनोदिनीचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. साहेब म्हणाले, आमच्या या भगिनी म्हणजे नव्या राज्याचा आत्मविश्वास. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला. तो म्हणाला, “मैडम, ज़रा फोन उठा लीजिए, काम करते हुए चाहिए.”

कपाटातून मी ऐकत होतो. तिने फोन उचलला. तिच्या कानाशी काही वाजत नव्हतं, हे तिला माहीत होतं, अनंतरावांना माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं.

“थोड़ा मुस्कुराइए.”

क्लिक झालं, म्हणजे ती हसली असणार.

त्या फोटोचं कात्रण घेऊन आठ दिवसांनी एक बाई आली. बीरगांवची मीराबाई. भंडाऱ्याकडची, नवरा मारोती उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात, ती स्वतः पोहे मिलमध्ये चाळणीवर.

“ह्या पेपरातल्या म्याडम तुमीच का जी? माही पोट्टी बी अशीच आहे. पिंकी. बिलासपुरले अंधांच्या शाळेत हाये, आठवीत. मले रोज वाटते का, शिकून तिचं होइन काय? मंग हा फोटो पाहिला. मारोतीले म्हटलं, पाय, आपल्या पोट्टीसारखीच, अन् खुर्चीवर बसली हाये!” मग तिने विचारलं, “तुमचं काम काय असते जी?”

अनंतरावच पुढे झाले. “अगं बाई, सगळा टेलिफोन हिच्याच हातात आहे!”

मी वाट पाहिली. विनोदिनीला ते हसण्यावारी नेता आलं असतं. ‘काका थट्टा करतात,’ एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. आसपासच्या खोल्यांतले सगळे कान देऊन होते. ती म्हणाली, “हो. दिवसभर फोन असतात.”

तिला मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं. लाज वाटत होती म्हणून बोलली. रिकामं बसून पगार घेणारी, असं एका कष्टाच्या बाईसमोर म्हणवेना. मला तिचा राग आला नाही. पण त्या एका वाक्याचं बी आठ मैलांवर बीरगांवात रुजत होतं, हे तेव्हा ना तिला ठाऊक होतं ना मला.

जूनमध्ये नोकरीला दोन वर्षं पूर्ण होत होती. कायम करण्याची फाइल निघाली. त्याच आठवड्यात एका दुपारी मीराबाई पुन्हा आली, या वेळी पिंकीला घेऊन, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन.

“पास झाली जी! आठवी पास. आता नाही धाडत तिले बिलासपुरले. तुमच्या इश्तेहारात आठवी पासच लिहिलं होतं ना? मारोतीनं तो कागद जपून ठेवला हाये. नाव लावून ठेवतो, निंघली जागा का देतील. तोवर घरी राहीन, माह्या डोळ्यासमोर. नाही तं काय जी, कोसावर ठेवून जीव टांगणीले.”

“आणि पुढे शिकायचं नाही का तिला?” विनोदिनीने विचारलं.

“शाळेचं पत्र आलं, नववीत घेतो म्हणून. पण कामून घ्यायचं? बसाचीच नोकरी हाये ना. तुमी इतकं शिकल्या अन् इथंच आल्या. ती आठवीवर येइन.” मीराबाई हसली. “उद्या सकाळी मिलीत जाता जाता टपालात टाकून देतो, का नाही येत पोट्टी. आमचा लिहिणारा शेजारी लिहून बी देऊन राहिला.”

तोवर चौदा वर्षांच्या पिंकीचे हात टेबलावर फिरत होते. मला आवाज कळतो: काच, पेपरवेट, पेनांचा डबा. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज.

“दीदी,” ती म्हणाली, “ये तो मरा हुआ है.”

ऑफिसातल्या सगळ्या पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखं मला वाटलं.

“ठेव तो, ठेव!” मीराबाई दटावून म्हणाली. “सरकारी फोन हाये तो. लाइन गेली असन.”

“हो,” विनोदिनी म्हणाली. “लाइन गेली आहे.”

“कब से?” पिंकीने विचारलं.

मीराबाईने घाईने पेढा विनोदिनीच्या हातावर ठेवला, नमस्कार केला आणि पोरीला ओढत घेऊन गेली. जाताना व्हरांड्यात पिंकीचा आवाज आला, “आई, मला बिलासपूरला जायचं आहे,” तोही मराठीत, जणू हिंदीत सांगितलं तर आई मनावर घेणार नाही. त्यावर मीराबाई म्हणाली, “अवो बाप्पा, नशीब उघडून राहिलं तुयं, अन् तू रडून राहिली!”

मग अनंतराव कागद घेऊन आले.

“हा घे. उद्या साहेब अकराला दौऱ्यावर निघतात, त्याआधी सही... म्हणजे अंगठा लावून दे. कायम होशील. सगळं मीच लिहिलंय, तुला फेऱ्या नकोत म्हणून.”

“काय लिहिलंय काका?”

ते वाचू लागले. माझ्या शारीरिक स्थितीमुळे मला हलकं काम देण्यात यावं, ही माझी स्वतःची विनंती आहे. नेमून दिलेल्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. भविष्यात बढतीवर किंवा बदलीवर मी हक्क सांगणार नाही.

“मी अशी विनंती केलेली नाही.”

“केलेली नाहीस. पण हे नसेल तर साहेब विचारतील, दोन वर्षांत हिने केलं काय? काय दाखवायचं मग? समजून घे बेटी. माझी स्वतःची मुलगी असती तरी मी हेच केलं असतं.”

“काका, कपाट उघडा. माझा ब्रेलर मी घरी नेते आहे.”

तब्बल पंधरा महिन्यांनी मी बाहेर आलो. तिने मला आधी हाताने पुसलं. मग रिक्षात मांडीवर घेतलं.

घरी सणासारखं होतं. पांडुरंगजी दारातच म्हणाले, “पोट्टी पर्मनंट होऊन राहिली ना उद्या? मी आता डोळे मिटाले मोकळा. तीन वर्षांनं क्वार्टर सुटते माहं. मंग तुले कोण पाहीन, याचीच काळजी होती.”

शिशिर गेली चार वर्षं परीक्षा देत होता. तो म्हणाला, “किस्मत है दीदी. हमको तो बैठने का भी पैसा कोई नहीं देता.”

विनोदिनी हसली नाही. चहा तसाच ठेवून तिने माझ्यात कागद चढवला. जुन्या सवयीने तिने वर मध्यभागी लिहिलं: सोमवार. आणि लिहू लागली.

दहा. अंगठा. बसले.
अकरा. बसले.
बारा. अनंतरावांनी विचारलं, बेटी, पंखा वाढवू का. नको म्हटलं.
एक. डबा.
दोन. बसले.

तीनच्या ओळीशी घंटी वाजली आणि तिने हात उचलला. अजून पस्तीस वर्षं असेच सोमवार, आणि ते सगळे पक्के, पेन्शनसकट. मला वाटलं ती रडेल. पण तिने तो कागद काढला, दुसरा चढवला आणि त्यावर जे लिहिलं त्यात पुण्याच्या त्या चार पानांमधलं काहीच नव्हतं. शिकवायचं तर खास शिक्षकाची पदविका लागते, दोन वर्षं. त्या काळात पगार नाही. त्यानंतर जागा निघेल याची खात्री नाही. निघाली तरी ती कंत्राटी असेल, आजच्या निम्म्या पगाराची. तोवर वय तिशीला टेकलेलं. क्वार्टर सुटलेलं. शिशिरची नोकरी लागलेली असेल किंवा नसेल. मग तिने लिहिलं: माझ्याइतकी शिकलेली जर इथे बसली, तर आठवीनंतर कुणी कशाला शिकेल? त्यानंतर थोडं थांबून: पण हे कारण पोट भरत नाही.

दोन्ही कागद तिने शेजारी शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिली. रमाताई असत्या तर त्यांनीही तिला सोपं उत्तर दिलं नसतं. ते नव्हतंच मुळी.

वाचकहो, मी लोखंडाचा आहे, मला माणसांच्या नोकऱ्यांमधलं काय कळणार? पण एवढं विनवतो. तुमच्या ऑफिसात असं कुणी खुर्चीवर बसवून ठेवलेलं असेल, तर त्याला शाल देऊ नका, पंखा वाढवू नका. त्याला विचारा, तू काय करू शकतोस, आणि तो सांगेल ते करू द्या. त्याचं चुकेल, तेव्हा तुम्ही इतरांवर ओरडता तसे त्याच्यावरही ओरडा. त्याला बसायला लावून तुम्ही त्याला सांभाळत नाही. तुम्ही त्याच्या मागे येणाऱ्या सगळ्या पोरांना सांगता की रस्ता इथपर्यंतच आहे.

आज सकाळी विनोदिनी सगळ्यांच्या आधी तयार झाली. अनंतरावांचा कागद तिने शिशिरला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. पांडुरंगजी चहाचा कप हातात धरून ऐकत होते.

“हे मी देणार नाही,” ती म्हणाली. “शिशिर, दुसरा कोरा कागद घे आणि लिही. मला काम द्या. चौकशीचं टेबल द्या, नोंदी माझ्याकडे तयार आहेत. काम नसेल तर तसं लेखी कळवा.”

“काहून?” पांडुरंगजींचा आवाज चढला. “चालत्या गाडीले खीळ कामून घालून राहिली तू? लेखी मांगशील तं ते काढून टाकतील तुले!”

“टाकतील बहुतेक.”

“मंग?”

“मग बिलासपूर. त्या शाळेत विचारते, पदविकेसाठी घेतात का. घेतील की नाही माहीत नाही बाबा. तुम्हाला खोटं सांगत नाही.”

शारदाबाईंनी पोळ्या डब्यात भरायला घेतल्या. पांडुरंगजी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. कप खाली ठेवताना बशीवर दोनदा आपटला. तो आवाज तिलाही कळला असणार, कारण ती त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन क्षणभर उभी राहिली. पण तिने आपला शब्द मागे घेतला नाही.

शिशिरने अर्ज लिहून संपवला. पहिल्यांदाच तो मराठीत बोलला, अडखळत. “दीदी, साडेसात झाले. ऑफिसले आतापासून कामून?”

“ऑफिसला नाही. आधी बीरगांव. पोहे मिलची पाळी नऊला लागते, त्याआधी गाठायचंय.”

“अन् तिथं काय सांगशील?”

विनोदिनीने काठी हातात घेतली. मी टेबलावरच राहिलो. आज मला नेण्यासारखं काही नव्हतं.

“सांगेन, पत्र टाकू नका,” ती म्हणाली. “पिंकी खरं बोलली. मी खोटं.”